पोरीला कुठं घालायची?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीची टपरी आहे. एप्रिलमधल्या एका सकाळी तिथल्या वहिनींनी माझ्या शर्टावर पाणी शिंपडता शिंपडता विचारलं, "भाऊ, पोरगी औंदा चौथी होतीया. पाचवीला कुठं घालायची?"

"आहे तिथंच राहू दे की. सातवीपर्यंत आहे ना शाळा?"

त्यांनी इस्त्री उभी केली. "सगळी दाखला काढाय लागल्यात. मागं राहिलेल्यांचं काय खरं न्हाई म्हणत्यात."

मी अधूनमधून पेपरात शाळांवर लिहितो हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे 'चौकशी करून सांगतो' म्हणण्यावाचून सुटका नव्हती. आठवडाभरात आटपेल असं वाटलेली ती चौकशी ऑगस्टपर्यंत चालली.

गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं, नगरपरिषदेचं. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला साखर कारखान्याचं धुराडं, मधे आठवडी बाजार. नाव लिहीत नाही. ज्या तीन शाळांबद्दल लिहितोय त्यांतल्या एकीचे मुख्याध्यापक मला रोज संध्याकाळी मंडईत भेटतात आणि दुसरीत माझी चुलत बहीण शिकवते. तिन्ही शाळा सरकारी पैशावर चालतात. पिवळ्या गाड्या फिरवणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळाही गावात आहेत, पण वहिनींच्या हिशेबात त्या बसत नव्हत्या. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांचा प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच मिळतो. पाचवीला ते दार बंद असतं.

चौकशीला निघताना मी वहीच्या पहिल्या पानावर एक गणित लिहून घेतलं होतं: ६१८ भागिले ६. तीन अंकी संख्येला एका अंकानं भागणं चौथीत येतं. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी ४५.८ टक्क्यांना असा भागाकार जमला होता. मी जरा आडवळणाचा निवडला होता. उत्तर १०३ येतं, पण मधल्या शून्याचं भान सुटलं की मूल १३ लिहून मोकळं होतं. शाळेची रंगरंगोटी, निकालाचे फलक आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या ढाली यांपेक्षा हे एक शून्य जास्त बोलेल असा माझा अंदाज होता.

*

शाळांकडे जाण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. महाराष्ट्रात मधल्या इयत्ता आहेत, पण मधली शाळा नाही. पाचवी ते आठवीची पोरं दोन वेगळ्या घराण्यांच्या शाळांत वाटली गेली आहेत.

एक घराणं लोकल बोर्डाच्या जुन्या मराठी शाळांचं. त्यांची वेस सातवीला. सातवीची परीक्षा म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, लोकांच्या तोंडी नुसतं 'फायनल'. माझे आजोबा फायनल होते आणि तेवढ्या शिदोरीवर त्यांना मास्तरकी मिळाली होती. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि खेड्यापाड्यांतल्या या शाळा त्यांच्याकडे आल्या. शहरगावांतल्या नगरपालिकांकडे राहिल्या. कारभारी बदलले, सातवीची वेस तिथंच राहिली.

दुसरं घराणं संस्थांच्या हायस्कुलांचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू केलं आणि गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावानं एकशे एक हायस्कुलं काढण्याचा पण केला. त्या वाटेनं पुढं कितीतरी संस्था गेल्या. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांत आज जी दगडी बांधणीची हायस्कुलं दिसतात, ती बहुतेक त्या लाटेतली किंवा तिच्या मागून आलेली. हायस्कूल पाचवीपासून. आमच्या पिढीला पाचवीला हायस्कुलात जाणं म्हणजे एबीसीडीला जाणं होतं, कारण इंग्रजी तेव्हा पाचवीत भेटायचं. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं आणि ते कारण संपलं. पाचवीचा वर्ग मात्र हायस्कुलाकडे राहिला तो राहिलाच.

म्हणजे पाचवी, सहावी, सातवी या तीन इयत्ता एकाच गावात दोन्ही घरी नांदतात. त्यात २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. त्याच्या लेखी पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. आपली घडी पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी. कायद्याचं माप आणि आपला अंगरखा जुळेना. मग चौथीच्या शाळेला पाचवी आणि सातवीच्या शाळेला आठवी जोडायचं ठरलं. हायस्कूलवाल्यांनी ओरड केली, कारण त्यांचे वर्ग जाणार. काही ठिकाणी जोडणी झाली, काही ठिकाणी कागदावर झाली, काही ठिकाणी झालीच नाही. स्कॉलरशिपची परीक्षासुद्धा या ओढाताणीत सापडली. वर्षानुवर्षं चौथी-सातवीला असलेली परीक्षा पाचवी-आठवीला नेली आणि २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीकडे आणायचा निर्णय झाला. घरातलं कपाट भिंती बदलत फिरवावं तसं.

ज्या इयत्तांना स्वतःचं घर नाही त्यांची दोन्हीकडे पाहुण्यासारखी सोय होते. प्राथमिकवाल्यांना त्या शेपटासारख्या, हायस्कूलवाल्यांना दहावीच्या निकालाच्या रोपवाटिकेसारख्या. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळा तपशील.

*

शाळा नंबर पाच. नगरपरिषदेची, पहिली ते सातवी, बाजारपेठेच्या ऐन मध्यात. मी इथलाच. फाटकावरची जुनी पाटी आता फिकट झालीय. जागा इतकी मोक्याची की दर निवडणुकीत इथं गाळे काढायची भाषा होते. एके काळी अ आणि ब अशा दोन तुकड्या असायच्या. आता पाचवीची मुलं दोन हातांच्या बोटांवर मोजून संपतात. पाचवी आणि सहावी एका खोलीत बसतात, पाचवी फळ्याच्या डाव्या निम्म्यात, सहावी उजव्या. याला कागदोपत्री बहुवर्ग अध्यापन म्हणतात. बाई म्हणतात, "जोडवर्ग. डावीकडं अपूर्णांक, उजवीकडं विज्ञान. मधली रेघ पोरं रोज पुसतात."

मुलं कोणाची? हमालांची, गवंड्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांची, भेळेचा गाडा लावणाऱ्यांची, कर्नाटकातून आणि उत्तरेतून आलेल्या मजुरांची. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, तेव्हा पाचटाच्या कोप्यांतली काही पोरं इथं येऊन बसतात. ती येतात तेव्हा वर्ग भरल्यासारखा दिसतो. पण शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि त्यातही आधार जुळलेली मुलं धरली जातात. टोळ्या त्यानंतर येतात. म्हणजे ज्या मुलांना शिकवायला माणूस सगळ्यात जास्त लागतो ती मोजणीच्या दिवशी दोनशे-अडीचशे किलोमीटरवर असतात. तिकडच्या शाळेच्या पटावर त्यांचं नाव असतं, पण पाचसहा महिने बाक रिकामं. इकडं बाक भरलेलं, नाव नाही. या हिशेबात कोणी खोटं बोललेलं नाही, हे त्यातलं सगळ्यात विचित्र.

बाईंची परवानगी घेऊन मी फळ्यावर माझं गणित लिहिलं. डावीकडच्या पाचवीत दोघांनी हात वर केला, दोघांचंही उत्तर १३. मागच्या बाकावर एक मुलगा खाली बघत बसला होता. त्याची आई बाजारात कोथिंबीर-मेथी विकते हे बाईंनी हळूच सांगितलं. मी गणित पुसलं आणि विचारलं, "सहाशे अठरा रुपये सहा जणांत वाटायचे, तर किती-किती?" क्षणभरही न थांबता तो म्हणाला, "शंभर-शंभर द्यायचं. वरचं अठरा राहतंय. तीन-तीन. एकशे तीन." मग फळ्यावर तेच मांडून दाखव म्हटलं तर त्यानं भागाकाराचा कंस काढला आणि आत १३ लिहिलं.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर नेमका हाच अभ्यास केला होता. २०२५ मध्ये तो 'नेचर'मध्ये आला. बाजारात तोंडी हिशेब चोख करणारी मुलं कागदावर अडतात, आणि शाळेत कागदावर सोडवणारी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडतात. मी तो वाचला होता. तरी पाच नंबरच्या शाळेत, मी ज्या खोलीत पाढे म्हटले त्याच खोलीत, ते डोळ्यांसमोर घडताना पाहून काय बोलावं सुचेना. बाईंना सुचलं. त्यांनी त्या मुलाला शेजारी बोलावलं आणि कंसाच्या वर शतक, दशक, एकक अशी तीन घरं आखली. "शंभर-शंभर दिलेस ना? मग ते शंभराच्या घरात मांड. आता दहाच्या घरात कुणाला काय आलं?" मुलगा थांबला. "काय न्हाई." "मग काय न्हाई ते लिही की!"

तेवढ्यात दारात कोणी तरी मतदारयादीचं काम घेऊन आलं. बाई बीएलओ आहेत. वर्ग उभा राहिला, बाई व्हरांड्यात गेल्या, आणि फळ्यावरची मधली रेघ पुसली गेली.

*

गावापासून तीन किलोमीटरवरच्या वाडीत जिल्हा परिषदेची शाळा आहे, आणि गेली काही वर्षं उलटी गंगा वाहतेय. गावातली पोरं रिक्षात कोंबून वाडीला जातात. इथल्या दोन गुरुजींनी शाळा अक्षरशः उचलून धरली. लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग, परसबाग, भिंतींवर सूर्यमाला. २०२४ च्या 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानासाठी रंगवलेला जिना अजून तसाच झळकतो. पायऱ्यांवर तीसपर्यंत पाढे आहेत. पोरं ते पाढे पायांनी तुडवत वर्गात जातात.

पण शाळेचं खरं नाव झालं स्कॉलरशिपमुळे. सकाळी आठला जादा तास, रविवारी सराव परीक्षा, दिवाळीच्या सुट्टीत शिबिर. फलकावर गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो. कोल्हापूरच्या महापालिकेच्या जरगनगर शाळेत प्रवेशासाठी पाडव्याला पालकांच्या रांगा लागतात, ती कीर्तीही मुळात स्कॉलरशिपची. आमच्याकडे त्याची छोटी आवृत्ती.

इथल्या पाचवीत गणित लिहिलं तेव्हा खडू खाली ठेवायच्या आत पुढच्या तीन रांगांतून "एकशे तीन!" आलं. मागच्या दोन रांगा गप्प. गुरुजी प्रामाणिक माणूस. चहा घेताना आपणहून म्हणाले, "मागची पोरंही माझीच आहेत साहेब. पण पालक फलक बघून येतात. फलक पुढच्या रांगेतनं भरतो."

आणि पुढची रांग टिकते किती? इथं खरी गोम आहे. पाचवीत नवोदयची परीक्षा. प्रत्येक जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला ८० जागा, त्यांतल्या किमान तीन चतुर्थांश ग्रामीण मुलांना. सातारची सैनिक स्कूल १९६१ ची, देशातली पहिली. तीही सहावीला मुलं घेते. ज्याचं नवोदय हुकलं त्याचा बाप त्याला एखाद्या निवासी अकादमीत टाकतो. उरलेल्यांतली निम्मी गावच्या हायस्कुलाला. म्हणजे पाचवीत जी शाळा ओसंडून वाहते तिची सहावी-सातवी ओढ्यासारखी आटते. आपल्याच यशानं शाळा रिकामी होते, असा प्रकार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आटलेल्या वर्गाचं पुढं काय होतं ते १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं ठरवलंय. संचमान्यतेचे नवे निकष त्यात आले आणि सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली असलेल्या शाळांच्या पोटात गोळा आला, कारण तिथं नियमित शिक्षकाचं पदच मंजूर होणार नाही अशी वेळ आली. शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. शिक्षण हक्क कायदा म्हणतो सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागं एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा यांना प्रत्येकी किमान एक. मुलं दहा असली म्हणून गणित आणि भाषा एक होत नाहीत. वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा राज्यात असल्याचं २०२३ मध्ये अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची कल्पना निघाली तेव्हा सांगितलं गेलं. त्या चर्चेत जीव अडकला होता तो पहिली-दुसरीच्या चिमुरड्यांत, आणि ते बरोबरच आहे. पण वाडीवरची सातवी बंद पडली की बारा वर्षांची मुलगी एसटीच्या थांब्यावर उभी राहते. पाचवीपासून मुलींना एसटी फुकट आहे. गाडी वेळेवर येण्याची योजना अजून निघायची आहे.

गुरुजींच्या बदलीची वेळ झालीय. ऑनलाइन बदल्या आल्यापासून वशिला बराच थांबला, ही चांगली गोष्ट. पण वाडीला शाळेचं यश म्हणजे हे दोघे, आणि दोघांची नावं यादीत. गावकरी म्हणतात टाळं ठोकू. मागच्या बदलीच्या वेळी ठोकलंही होतं. परितेवाडीची शाळा रणजितसिंह डिसले गुरुजींमुळे २०२० मध्ये जगाला माहीत झाली. अशा शाळांच्या गोष्टी आपण आवडीनं सांगतो, आणि त्या जवळजवळ नेहमी एकदोघा माणसांच्या गोष्टी असतात. ते गेले की काय उरतं हे पाहायला पुन्हा कोणी जात नाही. मीही गेलेलो नाही.

*

तिसरी शाळा म्हणजे हायस्कूल. दगडी कमान, वडाचा पार, दोनशे मीटरची धावपट्टी बसेल एवढं मैदान. पाचवी ते बारावी. पगार सरकार देतं, इमारत संस्थेची, आणि फी नसली तरी 'स्वेच्छा देणगी'ची पावती असते. स्वेच्छा कोणाची, ते पावतीवर लिहिलेलं नसतं.

उन्हाळ्यात इथल्या शिक्षकांना सुट्टी नसते. एप्रिल लागला की दोघादोघांच्या जोड्या मोटरसायकलवरून वाड्यावस्त्यांवर निघतात. चौथी पास झालेल्या पोरांच्या याद्या खिशात. दप्तर देतो, वह्या देतो, वर्षभराचं रिक्षाभाडं आम्ही बघतो. वहिनींच्या टपरीवरही एक जोडी येऊन गेली होती. माझी चुलत बहीण विज्ञानात एमएस्सी आहे. तिनंही वीस वर्षं हे केलंय. "पहिल्या वर्षी लाज वाटली. नंतर कळलं, पाचवीची एक तुकडी तुटली की आमच्यातलं एक कोणी तरी अतिरिक्त ठरतं. मग समायोजन. मग रोज सत्तर किलोमीटर. पोर शोधताना मी पोर नाही शोधत रे, माझी खुर्ची शोधते."

२ मे २०१२ ला राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली आणि पुढं पवित्र पोर्टलवरून जी भरती झाली ती घासाघासानं. मधल्या काळात निवृत्त झालेल्यांच्या जागा कितीतरी ठिकाणी रिकाम्या राहिल्या. ज्याच्या हाती खुर्ची आहे तो ती घट्ट धरणारच. आता सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायला सांगितलंय. स्टाफरूममध्ये पन्नाशी गाठत आलेले शिक्षक मुलांच्या मानसशास्त्राची गाइडं चाळताना दिसतात. हसू येतं, आणि आलेलं हसू गिळावंही लागतं.

पाचवीला अ, ब, क, ड. अ आणि ब सेमी-इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. तुकड्या पाडताना चौथीचे गुण बघतात, कोणी कबूल करो न करो. अ तुकडीत माझं गणित जवळजवळ सगळ्यांना आलं. शिकवणाऱ्या बाई चटपटीत आणि पालक जागरूक. निम्म्या मुलांना बाहेर शिकवणी. ड तुकडी जिन्याखालच्या लांबट खोलीत. दाटीवाटीनं बसलेली पोरं, पंखा एक. तिथं १३, १३, ३१, आणि एक ११३. तासावरचे सर दहावीचा पेपर काढण्यात गुंतले होते. म्हणाले, "हे प्राथमिकचं काम आहे. तिथं झालंच नाही तर आम्ही कुठवर मागं जाणार?" पाच नंबरच्या शाळेत सातवीच्या वर्गावर मी हेच ऐकलं होतं, फक्त दिशा उलटी होती: आता इथून पुढं हायस्कूल बघेल.

प्रयोगशाळा आहे, आणि चांगली आहे. पण ती नववी-दहावीची. सातवीच्या मुलांनी काचेतून आत डोकावून पाहिलेली. अनुभवी शिक्षक दहावीला, त्यांच्याखालोखाल नववीला, आणि नव्यानं आलेला शिक्षणसेवक पाचवी ड ला. दहावीचा निकाल पेपरात छापून येतो, पाचवीचा नाही. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर राज्यानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि न जमल्यास त्याच वर्गात ठेवणं आणलं, पण नापास करून पोर शिकत असतं तर आमच्या पिढीत कोणी अडाणी राहिलं नसतं.

हायस्कुलाच्या बाजूनं दोन गोष्टी मात्र ठामपणे लिहायला हव्यात. एक मैदान. खो-खोचा सराव करणाऱ्या सातवीच्या पोरी मी तासभर बघत उभा होतो. नंबर पाचला अंगण आहे आणि बाजाराच्या दिवशी तेही उरत नाही. दुसरी गोष्ट मला सुचलीच नव्हती. माझा अहवाल ऐकताना वहिनींनी पहिला प्रश्न तोच केला.

"संडासाचं काय?"

*

मी वही उघडली. नंबर पाचला मुलींचं स्वच्छतागृह आहे, पण बाजारकरी वापरतात म्हणून कुलूप, किल्ली मुख्याध्यापिकांच्या टेबलात. मुलीनं उठून, चारचौघांत, ती मागायची. वाडीच्या शाळेत चकचकीत आहे, उन्हाळ्यात पाणी नाही. हायस्कुलात मुलींची वेगळी खोली, पॅडचा डबा, आणि दाराशी एक मावशी. २०२० च्या अखेरीच्या निर्णयानं अनुदानित शाळांतली शिपायांची नियमित पदं गेली आणि ठोक भत्त्यावर माणसं आली. या मावशी भत्त्यावरच्या. पण त्या तिथं असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकारानंतर आमच्या गावातल्या आयांनी शाळेत येऊन काही विचारलं असेल तर ते हेच: आत कोण असतं?

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. नंबर पाचच्या बाई शतक-दशक-एककाची घरं कशी आखतात तेही मी रंगवून सांगितलं. "बाई चांगल्या हायत," त्या म्हणाल्या, "पर उद्या त्या वर्गच राह्यला न्हाई तर?" वाडीची रिक्षा महिन्याला परवडणारी नव्हती. हायस्कुलाची घंटा टपरीपर्यंत ऐकू येते. मोठा मुलगा तिथंच नववीला. दुपारची खिचडी आठवीपर्यंत तिथंही मिळते, सहावीपासून तांदूळ शंभर ग्रॅमचा दीडशे होतो, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

मी काय सल्ला दिला? मी म्हटलं, नंबर पाच. त्या म्हणाल्या, "तुम्ही तितंच शिकलाय म्हणून." मला उत्तर देता आलं नाही.

जूनमध्ये दाखला काढला गेला. नंबर पाचच्या मुख्याध्यापिकांनी सही करताना पट वहीत एक आकडा खोडला आणि खाली नवा लिहिला. मोटरसायकलवरच्या जोडीनं कबूल केलेलं दप्तर मिळालं, त्यावर संस्थेचं बोधचिन्ह होतं. मुलगी ड तुकडीत गेली.

ऑगस्टमध्ये, पावसाची झड लागलेली असताना, मी कपडे घ्यायला टपरीवर गेलो. ती इस्त्रीच्या टेबलाखाली पोत्यावर बसून गृहपाठ करत होती. मी वही मागितली. अक्षर सुरेख. ८१६ भागिले ८. कंस नीट आखलेला, खाली वजाबाक्या बरोबर, वर उत्तर १२. शेजारी लाल फुली, आणि फुलीखाली दुसरं काही नाही.

"सरांना विचारलंस का, कुठं चुकलं ते?"

"विचारलं की."

"मग?"

तिनं वही परत घेतली आणि पुढचं गणित मांडायला घेतलं. "म्हणले, ह्ये तुमचं चौथीत झालंय."